मढवीतला ढ

ठाण्याच्या कोर्टात तिसऱ्या मजल्यावर
आमच्या बाजूचा पंखा बंद आहे.
जयेंद्र त्याच्या वकिलाशेजारी, मी माझ्या वकीलबाईंशेजारी.
मधल्या बाकावर वहिनीची पाण्याची बाटली.
मघाशी मीही त्यातलं प्यायले, न विचारता.
तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मृत्युपत्र चौदा ओळींचं.
ऐरोलीचा साडेबारा टक्क्यांतला भूखंड जयेंद्रला.
त्यावरचे चार मजले जयेंद्रला.
खालचे गाळे, गाळ्यांतला इस्त्रीवाला, मोबाइलवाला,
त्यांची दर महिन्याची भाडी, जयेंद्रला.
मला दीड ओळ :
‘मुलगी सुगंधा हिला लग्नात योग्य ते दिले आहे.’

योग्य ते म्हणजे
पितळी हंडा,
वर्षभरात दार निखळलेलं कपाट,
आणि आईनं कुणाला न सांगता टेम्पोत चढवलेली
मिठाची अर्धी गोण.
मीठ मात्र तीन वर्षं पुरलं.

वकीलबाई म्हणाल्या, सही खोटी आहे म्हणायचं.
दाखवतील तेव्हा फक्त ‘नाही’. पुढे काही बोलू नका.

मलाही तेच हवं होतं.
सही खोटी निघाली तर भाऊ चोर ठरतो,
पण बाबा सुटतात.
खरी निघाली तर भाऊ सुटला.
मग बाबांचं काय करू?
फोटो माझ्याही घरात आहे,
रोज पुसते.

सिडकोची माणसं गावात आली तेव्हा मी चौथीत.
बाबा म्हणाले, मिठागराच्या शेटला जन्मभर अंगठा दिला,
सरकारला सही देईन.
कंदिलाजवळ माझी पाटी घेऊन बसले.
पोशा जमलं. मढवीत अडले.
“माना नाय जमाचा गो ह्यो.”
ह्यो म्हणजे ढ.

गुरुजी वर्गात मलाच ढ म्हणायचे,
म्हणून ते अक्षर माझ्या हातात जरा जास्तच बसलेलं.
त्याची गाठ मी भलतीच मोठी काढायचे, आणि उलटी.
बाबांनी ती तशीच उचलली.
जाळं विणणारा हात, गाठीला कशाला चुकेल?
आठ रात्री लागल्या.

मग ती सही सगळीकडे झाली.
जमीन गेली त्या कागदावर.
सातवीनंतर माझं नाव शाळेतून काढलं त्या अर्जावर.
जयेंद्रच्या कॉलेजच्या फॉर्मवर, तीन प्रतींत.

“ही सही तुमच्या वडिलांची आहे का?”

कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता.
हात थरथरला असणार त्यांचा, रेघ दोनदा तुटलेली,
पो कागदाबाहेर चाललेला.
आणि मधोमध तो,
पोट सुटलेला, उलट्या गाठीचा,
माझ्या पाटीवरून सरळ उठून आलेला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.
जयेंद्र माझ्याकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता.
त्याला कुठे ठाऊक? तेव्हा तो पाळण्यात होता.

मी म्हणाले, सही त्यांचीच आहे.
पण अक्षर माझं आहे.

साहेब टंकलेखकाला म्हणाले,
पहिलं वाक्य घ्या. दुसरं नको.

बाहेर जिन्यात वकीलबाई चिडल्या.
बुडवलंत, म्हणाल्या, स्वतःच्या हातानं.
मी म्हटलं, दावा मागे घेत नाही.
ती जमीन आजोबांची, मीठ झालेली, त्यांनीच बांध घालून गोडी केलेली.
बाबांना ती एकट्याला देता येत होती का, ते विचारा.
सही खरी आहे म्हणून वाटणी खरी होत नाही.
त्या थोडा वेळ गप्प. मग फाइल उघडली.

पुढची तारीख बारा.
जबाबाखाली सही करायला शिरस्तेदारानं बोट दाखवलं.
सुगंधा केणी, मी लिहिलं.
पस्तीस-चाळीस वर्षं हेच लिहितेय.
त्यात ढ येत नाही
हे आजच लक्षात आलं.